बोट चापावर होतं का

जळकोटात सैन्यातनं परत आलेल्या प्रत्येक माणसाला मेजर म्हणतात, मग त्याचा हुद्दा काही का असेना. बलभीम सुरवसे हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात मेजर झाले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणावर गोळी झाडली नव्हती. त्यांचं काम वेगळं होतं. पलटणीतल्या बिघडलेल्या रायफली, पिस्तुलं त्यांच्या टेबलावर यायची आणि नीट होऊन परत जायची. स्प्रिंग नुसती अंगठ्यानं दाबून ते सांगायचे, ही अजून वर्ष काढंल, ही काढणार न्हाय. डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलायची आणि पुन्हा जोडायची अशी एक शर्यत असायची, ती त्यांनी दोनदा जिंकली होती. त्यातला एक कप त्यांची बायको द्वारकाबाई शेंगदाण्याचं कूट ठेवायला वापरते.

निवृत्तीनंतर बारा वर्षं त्यांनी एका गूळ कारखान्यावर स्वतःची दुनळी बंदूक घेऊन राखण केली. मग एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाडीवर लागले. गाडीचा ड्रायव्हर चाँदपाशा नळदुर्गचा, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, तोंडानं सतत चालू असणारा पण हातानं एकदम जपून गाडी चालवणारा. दोघांचं चांगलं जमलं. अडचण दुनळीची होती. केबिनमध्ये ती गुडघ्यांत उभी धरली की नळी टपाला लागायची आणि आडवी धरली की चाँदपाशाच्या गिअरला. शेवटी कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, आखूड हत्यार घ्या, नाहीतर गेटवर बसा.

मेजरांना गेटवर बसायचं नव्हतं. धाराशिवच्या कलेक्टर कचेरीत अकरा महिने खेटे घातले, तेव्हा परवान्यावर पिस्तुलाची नोंद झाली. दुनळी विकली. सोलापुरात एका दुकानात गेले. दुकानदार कृष्णराज, पस्तिशीतला, गोड बोलणारा. त्यानं काउंटरवर तीन पिस्तुलं मांडली. दोन जुन्या घडणीची, जड. तिसरं एका नव्या खासगी कारखान्याचं, बत्तीस बोअरचं, तळहातात मावेल एवढं. कमरेला लावलं तर शर्टावरनं कळणार नाही. मेजरांनी ते हातात घेतलं, वरची स्लाइड मागं ओढली, सोडली. ओढताना मधेच कुठंतरी बारीकशी खरखर लागली. त्यांनी पुन्हा ओढली, तर लागली नाही. नवं यंत्र आहे, रुळेल, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं आणि तेच घेतलं.

त्या खरखरीपासून सगळं सुरू झालं असं ते आता म्हणतात. पण ती खरंच लागली होती, की नंतर घडलेल्या गोष्टींमुळं आपल्याला तसं वाटतं, हेही त्यांना नक्की सांगता येत नाही.

सोलापूरच्या रेंजवर ते पिस्तूल चालवून बघायला गेले. पहिली सहा काडतुसं सुरळीत गेली. दुसऱ्या मॅगझिनमधल्या तिसऱ्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी स्लाइडच्या तोंडात उभीच अडकली. त्यांनी ती काढली, पुढं चालवलं. पाचव्याला नवं काडतूस नळीत चढेना, तिरकं होऊन बसलं. घरी येऊन त्यांनी पिस्तूल खोललं, जुन्या धोतराच्या फडक्यावर एकेक भाग मांडला आणि दुपारभर बघत बसले. काही दिसेना. पुंगळी ओढणारी आकडी त्यांना थोडी बोथट वाटली, पण नव्या घडणीत ती तशीच असते की काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेल दिलं, पुसलं, जोडलं. पुढच्या खेपेला दहाच्या दहा काडतुसं नीट गेली. त्याच्या पुढच्या खेपेला चारांत दोनदा अडकलं.

फौजेत असते तर दोनशे गोळ्या झाडून एका दिवसात निकाल लावला असता. इथं परवान्यावर लिहिलेली तेवढीच काडतुसं मिळायची आणि रिकाम्या पुंगळ्या दाखवल्याशिवाय नवी मिळायची नाहीत. पाच-दहा गोळ्यांवरनं काय ठरवायचं? चांगलं म्हणावं तर अडकतं, वाईट म्हणावं तर चालतं.

ते पिस्तूल घेऊन सोलापूरला गेले. दुकानातल्या कारागिरानं त्यांच्या देखत सात गोळ्या झाडल्या. सातही गेल्या. कृष्णराज हसला नाही, त्यानं उलट आदबीनं खुर्ची पुढं केली आणि म्हणाला, "काका, हे लहान पिस्तूल आहे. ह्याला मनगट घट्ट लागतं. हात सैल पडला की पुंगळी अडकणारच. तुमच्या जुन्या हत्यारांसारखं हे माफ करत नाही."

एवढंच बोलला. पण परतीच्या एसटीत मेजर आपल्या उजव्या हाताकडं बघत आले. मागल्या हिवाळ्यापासनं चहाची बशी धरली की ती किंचित वाजायची. त्यांनी बशीत चहा ओतणं सोडलं होतं आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. द्वारकाबाईला ती न सांगताच ठाऊक होती. कृष्णराजला कशी कळली?

त्यानंतर ते पिस्तुलाकडं बघायचे आणि हाताकडं बघायचे. एक दिवस धाराशिवला नोकरीवर असतानाच तासाभराची सुट्टी काढून डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी दोन्ही हात पुढं करायला लावले, त्यावर कागद ठेवला. नाकाला बोट लावायला सांगितलं. कोऱ्या पानावर जिलेबीसारखी गोल गोल रेघ काढायला सांगितली. मग बराच वेळ त्या रेघेकडं बघून म्हणाले की वयानं होतं असं, दुसरंही काही असू शकतं, आताच सांगता येणार नाही, सहा महिन्यांनी या. मेजरांनी विचारलं की ह्या हातानं हत्यार धरावं का. डॉक्टरांनी विचारलं, आतापर्यंत काही त्रास झालाय का? तेच तर विचारायला मेजर आले होते.

मग सेफ्टीचा घोळ सुरू झाला.

पिस्तुलाच्या डाव्या अंगाला सेफ्टीची बारीक कळ होती. वर केली की लाल ठिपका झाकला जायचा आणि चाप दाबला जायचा नाही. सकाळी घरातनं निघताना ती लावायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. एका संध्याकाळी कमरेच्या होल्स्टरमधनं पिस्तूल काढलं तर लाल ठिपका उघडा. त्यांना वाटलं, विसरलो. चार दिवसांनी पुन्हा तसंच. तेव्हा त्यांनी एक वही सुरू केली. सकाळी लिहायचं, सेफ्टी लावली, आठ वाजून दहा मिनिटं. संध्याकाळी काय दिसलं ते लिहायचं. आठवड्यात दोनदा ठिपका उघडा सापडला. वही समोर घेऊन ते बसले आणि त्यांच्या मनात आलं, की आपण सेफ्टी न लावताच नुसतं लिहून टाकलं नसेल कशावरनं? ज्या माणसाला लावल्याचं आठवत नाही, त्याच्या लिहिण्यावर तरी काय भरवसा?

बावीस वर्षांत असा विचार त्यांच्या मनात कधी आला नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

द्वारकाबाईनं आजवर कुठल्याच हत्याराला हात लावला नव्हता. दुनळी असताना ती ज्या कोपऱ्यात असायची तिथला केरसुद्धा मेजरांनाच काढावा लागायचा. वही समोर घेऊन त्यांचं बसून राहणं तिनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पदराला हात पुसत ती समोर येऊन उभी राहिली.

"मला दावा काय आसतंय ते. म्या बघून ठिवते."

त्यांनी लाल ठिपका दाखवला, कळ वर केली, ठिपका झाकला. तिनं चष्मा लावून वाकून बघितलं. "झाकला," ती म्हणाली आणि कामाला लागली. रोज सकाळी हे चालू झालं. अकराव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी होल्स्टरचं बटण काढलं आणि तिला हाक मारली. तिनं बघितलं.

"सकाळी झाकला व्हता. आता उघडाय."

"नक्की?"

"म्या काय आंधळी हाय व्हय?"

मेजरांना इतका आनंद झाला की ते ओट्यावर बसले. कमरेला लावलेलं हत्यार आपोआप उघडं पडतंय, ह्यात आनंद व्हावा असं काही नव्हतं. पण मन ठिकाणावर आहे, हे कळल्यावर त्यांना बाकी सगळं किरकोळ वाटलं. द्वारकाबाईला त्यांच्या चेहऱ्यावरनं काहीच उमजेना. तिनं विचारलं की हे वंगाळ झालं का बरं झालं. ते म्हणाले, थांब, सांगतो. आणि वही उघडून त्या दिवसाची नोंद करायला लागले.

सोलापूरच्या कारागिरानं ह्या खेपेला होल्स्टरवर बोट ठेवलं. चामडं घट्ट आहे, गाडीत बसताना-उठताना कळ घासून खाली येते, पिस्तुलाचा दोष नाही. मेजरांनी नवं होल्स्टर घेतलं. पुढचे पंधरा दिवस ठिपका एकदाही उघडा सापडला नाही. म्हणजे चामड्याचाच दोष होता. पण साध्या चामड्यानं घासून खाली यावी इतकी ती कळ सैल का? त्यांच्या टेबलावर असं पिस्तूल आलं असतं तर त्यांनी ते परत पाठवलंच नसतं. मग कारागीर चुकतोय, की आपली विद्या जुनी झाली?

सेफ्टी उघडी पडल्याचं त्यांनी चाँदपाशाला सांगितलं होतं, त्यानंतर गाडीत त्यांचं बोलणं कमी झालं. चाँदपाशानं आठवडाभर वाट बघितली. गाडीत मेजर डाव्या अंगाला बसायचे आणि पिस्तूल उजव्या कमरेला, म्हणजे नेमकं ड्रायव्हरच्या बाजूला. एक दिवस बेंबळी गावाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला त्यानं गाडी थांबवली आणि समोर काचेतनं बघतच म्हणाला, "मेजर, राग नका धरू. घरी माझी लेकरं हायत. तेवढं ते तिकडच्या अंगाला बांधाल का?"

मेजरांना राग आला. पण दुसऱ्या दिवशी ते पिस्तूल डाव्या कमरेला बांधून आले. चाँदपाशानं ते बघितलं. डब्यातली खिम्याची अर्धी पोळी त्यानं नेहमीसारखीच त्यांच्या पुढं केली.

हे झालं आणि पुढच्याच सोमवारी गोळी उडाली.

मेजर पाचच्या सुमारास कामावरनं आले. अंगणाच्या कोपऱ्यात वाळूनं भरलेली पत्र्याची बादली होती. हत्यार रिकामं करताना नळी वाळूकडं धरायची, ही फौजेतली सवय त्यांनी कधी सोडली नव्हती. त्यांनी मॅगझिन काढून खिशात टाकलं, नळी बादलीत धरली आणि नळीतलं काडतूस बाहेर काढायला स्लाइड मागं ओढली. काडतूस बाहेर पडलं नाही. स्लाइड पुढं गेली आणि मोठा बार झाला. बादली लवंडली, म्हशीनं दावं तोडलं, शेजारची दोन-तीन माणसं भिंतीवरनं डोकावली.

द्वारकाबाई आत तूर निवडत बसली होती. ती सूप हातात घेऊनच बाहेर आली. आधी त्यांच्या पायांकडं बघितलं, मग छातीकडं, मग तोंडाकडं.

"कुणाला लागलं का?"

"न्हाय."

"मग बसा आधी खाली."

ते बसले. वाळू त्यांच्या पायांवर सांडली होती. त्यांनी पिस्तूल फडक्यावर ठेवलं आणि उजव्या हाताची तर्जनी समोर धरून तिच्याकडं बघत राहिले. स्लाइड ओढताना बोट चापाच्या बाहेर, सरळ, नळीला समांतर ठेवायचं, हे त्यांनी शेकडो जवानांना शिकवलं होतं. ते बोट चापावर जाणं शक्यच नव्हतं. पण हात हलतो. आणि स्लाइड ओढताना डाव्या हातानं हिसका बसतो. ते क्षण त्यांनी पुन्हा पुन्हा आठवून बघितले. एकदा बोट बाहेर दिसायचं, एकदा आत. ह्या वेळी बघायला द्वारकाबाई नव्हती.

त्यांनी कपडे बदलले नाहीत. वाळूतनं गोळी शोधली, पुंगळी कागदात गुंडाळली आणि उजेड होता तोवर पोलिस ठाण्यात पोचले. तिथं भागवत लोखंडे हेडकॉन्स्टेबल होता. परवान्याच्या निमित्तानं दोघांची ओळख झालेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि कागद पुढं ओढला.

"मेजर, काय लिहू सांगा. पिस्तूल आपोआप उडालं असं लिहू, का तुमच्याकडनं उडालं असं?"

"दोन्हीत फरक काय पडंल?"

"तुमच्याकडनं म्हणला तर परवान्यावर येतंय. आपोआप म्हणला तर ते तपासाला जातंय. अन् तपासात काय निघंल ते आपल्या हातात न्हाय. माझं ऐका, आपोआप लिहा."

मेजरांनी कागद आपल्याकडं ओढला. भागवतनं पेन खाली ठेवलं. मेजर म्हणाले, "मीच लिहितो."

त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. अक्षर थोडं हललेलं होतं. वेळ, जागा, वाळूची बादली, मॅगझिन आधीच काढलं होतं, काडतूस बाहेर आलं नाही, स्लाइड पुढं गेली आणि गोळी उडाली. शेवटी लिहिलं, "त्या वेळी माझं बोट चापावर होतं की नव्हतं, हे मला खात्रीनं सांगता येत नाही." भागवतनं ते दोनदा वाचलं. असा जबाब आपण नोकरीत घेतला नाही, असं तो म्हणाला, आणि खाली सही घेतली.

पिस्तूल ठाण्यात जमा झालं, तिथनं कारखान्याकडं गेलं. मेजरांना गाडीवरनं उतरावं लागलं. कंपनीनं गेटवर बसायला सांगितलं, तेव्हा त्यांनी घरीच राहायचं ठरवलं. चाँदपाशा एकदा येऊन गेला. आपण त्या दिवशी तसं बोलायला नको होतं, असं तो म्हणाला. मेजरांनी त्याला सांगितलं की तू बोललास ते बरोबर होतं.

हातांना काम हवं म्हणून त्यांनी ओसरीवर एक टेबल टाकलं. पहिल्यांदा गल्लीतला गोरोबा त्याचा फवारणीचा पंप घेऊन आला, मग नागूबाईची शिलाई मशीन आली. पंपाचा वॉशर, मशीनची बॉबिन, टाका सोडणारी सुई. बारीक स्क्रू पकडताना कधी हात हलायचा. मग ते थांबायचे, हात मांडीवर ठेवायचे, पुन्हा पकडायचे. दुरुस्त केलेल्या वस्तू परत आल्या नाहीत. त्यावरनं हात बरा आहे असं म्हणावं का, हे त्यांनी एकदा द्वारकाबाईला विचारलं. ती म्हणाली की शिलाई मशीन उडत न्हाय.

पाच महिन्यांनी पिस्तूल ठाण्यात परत आलं आणि सोबत कारखान्याचं पत्र आलं. तपासणीत कोणताही दोष आढळला नाही. त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं होतं की ग्राहकाच्या सोयीसाठी आकडी, सेफ्टीची स्प्रिंग आणि गोळी उडवणाऱ्या घोड्याचा एक भाग बदलून दिला आहे. मेजरांनी ते पत्र ओसरीवर बसून वाचलं, मग आत जाऊन वाचलं. दोष नव्हता तर बदललं का? आणि बदललं तर दोष नव्हता कसा?

ते सोलापूरला गेले. पिस्तूल परत घ्यायला कृष्णराज तयार होता. मेजरांनी एकच अट घातली. पुढच्या गिऱ्हाइकाला हे सगळं लिहून द्यायचं. कृष्णराज म्हणाला, काका, दोष नाही असं कारखान्यानंच लिहिलंय, मग मी काय लिहून देऊ? त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. मेजर तसेच परत आले आणि पिस्तूल ठाण्यातच राहू दिलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी भागवतचा फोन आला. त्या कारखान्यानं एक यादी पाठवली होती. अमुक नंबरापासनं तमुक नंबरापर्यंतची पिस्तुलं वापरू नयेत, परत पाठवावीत. मेजर धावतपळत ठाण्यात गेले. दोघांनी बोटानं आकडे लावून बघितले, मग भागवतनं पट्टी ठेवून बघितले. मेजरांच्या पिस्तुलाचा नंबर यादीतल्या शेवटच्या नंबराच्या अकरा पुढं होता. भागवत म्हणाला, "म्हंजे तुमचं चांगलं हाय." मग जरा थांबून म्हणाला, "का न्हाय?"

मेजरांनी परवाना रद्द करायचा आणि पिस्तूल कायमचं सरकारजमा करायचं ठरवलं. त्याचा अर्ज द्यायला ते धाराशिवला निघाले, तेव्हा द्वारकाबाई सोबत आली. डॉक्टरांची तारीखही टळून गेली होती, ती तिनंच लक्षात ठेवली होती. आधी कचेरी झाली. कारकुनानं कारण विचारलं. मेजरांनी सांगितलं, वय झालं. त्यानं ते लिहून घेतलं, पुढचं काही विचारलं नाही. मग डॉक्टर. पुन्हा कागद, पुन्हा नाकाला बोट, पुन्हा गोल गोल रेघ. डॉक्टरांनी जुनी रेघ काढून नव्या रेघेशेजारी ठेवली. वाढलं नाही, म्हणाले. कमीही नाही. मेजरांनी विचारलं, मग आहे काय? डॉक्टर म्हणाले, अजून बघावं लागेल.

परतीची एसटी निम्मी रिकामी होती. द्वारकाबाई खिडकीला बसली. गाव मागं पडल्यावर तिनं इतके दिवस न विचारलेलं विचारलं.

"खरं सांगा. हात खराब व्हता का ते पिस्तूल?"

मेजरांनी मनापासून विचार केला. खरखर, पुंगळ्या, लाल ठिपका, वाळू, पत्र, अकरा नंबर. प्रत्येक गोष्ट एकदा ह्या बाजूला लावून बघितली, एकदा त्या बाजूला. तुळजापूरचा घाट आला तरी त्यांचं चालूच होतं.

"मला अजून कळलं न्हाय," ते म्हणाले.

द्वारकाबाईनं मान हलवली. तिला ते उत्तर चाललं असावं. थोड्या वेळानं तिनं सांगितलं की नागूबाई तिच्या बहिणीची मशीन बुधवारी न्यायला येणार हाय, मशीनचा पट्टा बसवायचा ऱ्हायलाय. मेजर म्हणाले, बुधवार लांब आहे, उद्याच बसवून टाकतो.